पोकरमधला आपला खरा विनरेट किती धरायचा? खान्देशातल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि पैशांवरचं ऑनलाइन पोकर देशात बंद पडलं. खेळ थांबला, पण जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मित्रांचे प्रश्न काही थांबले नाहीत. लॅपटॉपमध्ये खेळलेल्या डावांचा जुना डेटाबेस पडून आहे, त्यात विनरेटचा आकडा हिरव्या अक्षरांत दिसतो, आणि त्या एका आकड्याच्या जोरावर कुणी गोव्याच्या फेऱ्या आखतंय, तर कुणी चांगली चाललेली नोकरी सोडायच्या विचारात आहे. तो आकडा कितपत खरा मानायचा, एवढ्यासाठीच हे पान लिहिलं आहे.

विनरेट म्हणजे नेमकं काय?

100 डावांमागे तुम्ही किती बिग ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी टाकावी लागणारी मोठी सक्तीची पैज) जिंकलात, तो आकडा. बोलताना सगळे बीबी म्हणतात. 5/10 रुपयांच्या टेबलावर (बिग ब्लाइंड 10 रुपये) 20,000 डावांत 8,000 रुपये कमावले असतील, तर ते झाले 800 बीबी. 20,000 डाव म्हणजे 200 शतकं, म्हणून विनरेट 4 बीबी. रुपयांत मोजलं की छोट्या आणि मोठ्या टेबलाची तुलना करता येत नाही, म्हणून बीबीत मोजतात. रेक (टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून कापून घेतो तो वाटा) कापून हातात राहिलेले पैसेच धरायचे. प्रत्यक्ष टेबलावर तासाला 25 ते 30 डावच होतात, त्यामुळे तिथे ताशी किती बीबी असं बोलायची पद्धत आहे.

माझ्याकडे 20,000 डावांत 4 बीबी दिसतंय. म्हणजे माझा विनरेट 4 ना?

4 हा अंदाज आहे, आणि तोही बराच सैल. किती सैल, ते मोजता येतं. सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये (पोकरचा नेहमीचा प्रकार) 100 डावांचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती दूर फेकले जातात त्याचं माप, साधारण 80 ते 100 बीबी असतं. सॉफ्टवेअरमध्ये ते स्टँडर्ड डेव्हिएशन या नावाखाली दिसेल. आपण 90 धरू. डावांच्या संख्येला 100 ने भागा, त्याचं वर्गमूळ काढा आणि 90 ला त्या वर्गमुळाने भागा. 20,000 डावांसाठी 200 चं वर्गमूळ 14.1, म्हणजे चूक 6.4 बीबी. 95 टक्के खात्रीची पट्टी हवी असेल तर ही चूक दोन्ही बाजूंना जवळपास दुप्पट धरायची. तुमचा खरा विनरेट उणे 8.5 पासून अधिक 16.5 पर्यंत कुठेही असू शकतो. मोठा हरणारा आणि फार मोठा जिंकणारा, दोघेही याच पट्टीत बसतात.

कपाशीच्या पहिल्या वेचणीच्या वजनावरून कुणी एकरी उतारा छातीठोकपणे सांगू लागला, तर चोपड्याचा किंवा अमळनेरचा शेतकरी त्याचं ऐकून घेणार नाही. 20,000 डाव म्हणजे ती पहिली वेचणी आहे.

1 लाख डाव झाले की पट्टी अधिक-उणे 5.6 वर येते. 10 लाख झाले की 1.8 वर. पट्टी निम्मी करायची तर डाव चौपट लागतात, आणि यातून पळवाट नाही.

एवढा हेलकावा येतो कुठून? मी तर सांभाळून खेळतो.

एकच डाव जवळून बघू. तुमच्या हातात इस्पिकचा आणि बदामचा बादशहा आहे. फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत) किलवरचा बादशहा, चौकटची सत्ती आणि बदामची दुर्री आली. समोरच्याकडे इस्पिक आणि किलवरची सत्ती. दोघांचेही तीन-तीन झाले, दोघांपुढेही 100 बीबी, आणि फ्लॉपवरच सगळे पैसे मध्ये गेले. तुमचं जिंकायचं प्रमाण 95 टक्क्यांहून जास्त आहे, कारण त्याला वाचवणारा गड्डीत एकच पत्ता उरलाय, बदामची सत्ती.

टर्नवर (चौथ्या उघड्या पत्त्यावर) नेमकी तीच आली आणि रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) चौकटचा बादशहा आला नाही. 100 बीबी यायचे होते, ते गेले. फरक 200 बीबींचा. 10,000 डावांच्या हिशेबात या एका पत्त्याने तुमचा विनरेट 2 बीबींनी खाली आणला. तुम्ही काही चुकीचं खेळला नाहीत. तसेच ज्या दिवशी बदामची सत्ती तुमच्या बाजूने आली, त्या दिवशी वर चढलेले 2 बीबीसुद्धा तुमच्या कौशल्याचे नव्हते. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते विनरेट फुगलेला वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

मग वास्तवाला धरून आकडा कसा काढायचा?

डेटाबेसमधला आकडा घ्या आणि तो खेळाडूंच्या सर्वसाधारण पातळीकडे मागे ओढा. किती ओढायचा ते तुमच्याकडे किती डाव आहेत त्यावर ठरतं.

आधी ती पातळी समजून घ्या. टेबलावर नवा पैसा तयार होत नाही, एकाचा दुसऱ्याकडे जातो, आणि त्यातून रेक बाहेर निघतो. प्रत्येकाकडून 100 डावांमागे सरासरी 5 बीबी रेक जात असेल, तर टेबलावरच्या सगळ्यांचा मिळून सरासरी विनरेट उणे 5 असणार. खेळाडू कितीही हुशार असोत, ही बेरीज बदलत नाही. काही जण या सरासरीच्या बरेच वर असतात, काही बरेच खाली. हा पसारा 5 बीबींचा आहे असं धरू. 5 आणि 5 हे दोन्ही आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुमच्या टेबलाचा रेक बघून ते बदला.

आता तुमच्याकडे 30,000 डावांत 8 बीबी दिसतंय. इथे चूक 5.2, तिचा वर्ग 27. खेळाडूंच्या पसाऱ्याचा वर्ग 25. तुमच्या आकड्याला वजन मिळेल 25 भागिले 52, म्हणजे 48 टक्के. उरलेलं 52 टक्के वजन उणे 5 ला. 8 चे 48 टक्के 3.85, उणे 5 चे 52 टक्के उणे 2.6. बेरीज 1.25.

डेटाबेस 8 म्हणतोय आणि नीट हिशेब 1.25 म्हणतोय. खरा विनरेट शून्याच्या वर असण्याची शक्यता साधारण 64 टक्के निघते. तुम्ही हरणारे असण्याची शक्यता जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी उरतेच. हेच 8 बीबी 3 लाख डावांत दिसले असते, तर तुमच्या आकड्याला 90 टक्के वजन मिळून अंदाज 6.7 वर गेला असता. डाव कमी असतील तर आकडा जोरात ओढला जातो, जास्त असतील तर जवळपास जागेवर राहतो.

हा हिशेब करून दाखवला की बहुतेकांचा चेहरा उतरतो. तरी तो करावाच, कारण घरखर्च, हप्ते आणि नोकरीचे निर्णय 8 धरून घेतले आणि खरा आकडा 1.25 निघाला, तर भोगायचं घरच्यांना असतं.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक जण 13 बीबीने जिंकत होता. त्याला जमलं तर मला का नाही?

ग्रुपमध्ये 40 जण आहेत आणि सगळ्यांचा खरा विनरेट बरोबर शून्य आहे, असं समजा. प्रत्येकाने 20,000 डाव खेळले. एकालाही खेळ येत नसताना, निव्वळ नशिबाने, त्यातल्या सगळ्यात वरच्याचा आकडा सरासरी 13 ते 14 बीबी दिसेल. ग्रुपवर ग्राफ तोच टाकणार. खालचे 20 जण गप्प बसतात, त्यातले काही ॲप काढून टाकतात आणि त्यांचे डाव कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. तुमचा मित्र खरोखर चांगला असेलही, पण ते त्या ग्राफवरून कळत नाही.

आखाजीला मी दरवर्षी जिंकतो. त्याचा काही अर्थ लागतो का?

आखाजीला आपल्याकडे बाया-पोरी झोके बांधून गाणी म्हणतात आणि गडीमाणसं झाडाखाली पत्ते कुटत बसतात. वर्षाचा सण आहे, त्याची मजा वेगळीच. पण झन्नामन्नामध्ये पत्ता कुठल्या बाजूला पडतो यावर सगळं अवलंबून असतं, तिथे कौशल्याला जागा नाही आणि दीर्घकाळचा विनरेट शून्यच. तीन पत्तीत समोरच्याचा अंदाज घेण्याला थोडा वाव आहे, पण वर्षातून एकदा बसून जमणारे डाव काही शेकड्यांत. त्यातून आकडा निघत नाही. गावाकडे गेल्यावर कुणी विचारलं, "पैसा कितला भेटना, भाऊ?" तर उत्तर द्यावं, पण त्यावरून पोकरचा अंदाज बांधू नये. पैशांवरचे असे डाव महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, 1887 खाली येतात, हेही लक्षात असू द्या. सणाचा दिवस म्हणून कायद्यात सूट नाही.

ऑल-इन ईव्हीचा आकडा बघितला तर नशीब वजा होतं ना?

थोडंसंच. ऑल-इन ईव्ही म्हणजे सगळे पैसे मध्ये गेले तेव्हाच्या जिंकण्याच्या शक्यतेप्रमाणे धरलेला निकाल. वर सांगितलेल्या बादशहाच्या डावात ऑल-इन ईव्ही तुम्हाला तुमच्या 95 टक्क्यांचं श्रेय देईल, तेवढा अन्याय दूर होईल. पण तुम्हाला तीन बादशहा लागले तेव्हाच समोरच्याला तीन सत्त्या लागल्या, हेही नशीबच होतं, आणि ते त्या आकड्यात तसंच राहतं. ऑल-इन न झालेले सगळे डावही तसेच राहतात. दोन्ही आकडे बघा, फार फरक असेल तर ईव्हीकडे जास्त झुका, पण पट्टी फारशी अरुंद झाली असं समजू नका.

रेकने एवढा काय फरक पडतो?

छोट्या टेबलावर तर रेकच सगळं ठरवतो. 5/10 च्या टेबलावर 400 रुपयांचा पॉट, 5 टक्के रेक, म्हणजे 20 रुपये गेले. ते 2 बीबी झाले. 100 डावांत असे चार पॉट जिंकलात तर 8 बीबी रेकमध्ये गेले. रेक नसताना 10 ने जिंकणारा माणूस इथे 2 वर येतो. मोठ्या टेबलावर रेकच्या वरच्या मर्यादेमुळे हा भार बीबीत कमी होतो, पण तिथे समोरचेही तयारीचे असतात. म्हणून एका टेबलावरचा विनरेट उचलून दुसऱ्या टेबलाला लावू नका, आणि डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या स्टेकचे (लहान-मोठ्या बिग ब्लाइंडच्या टेबलांचे) डाव एकत्र करून सरासरी काढू नका. दोन-तीन वर्षांपूर्वीचे डावही आजच्या खेळाला तसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण सोपे खेळाडू आधी निघून जातात आणि उरलेले शिकत राहतात.

चांगला विनरेट किती म्हणायचा?

ऑनलाइन सहा जणांच्या टेबलावर, रेक जाऊन, लाखो डावांवर 2 ते 5 बीबी टिकवणारा खेळाडू चांगला. अगदी खालच्या स्टेकवर याहून जास्त दिसू शकतं. बहुतेक खेळाडू रेकनंतर तोट्यात असतात. प्रत्यक्ष टेबलावर समोरचे ढिले असतात, तिथे ताशी 5 बीबी टिकवणं चांगलं मानतात.

भुसावळहून गोवा एक्सप्रेस आहे. वर्षातून चार वेळा जाऊन खेळलो तर जमेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पूर्ण मांडतो. गोव्यात कॅसिनोला तिथल्या कायद्याने परवानगी आहे, तो मुद्दा नाही. मुद्दा डावांचा आहे.

दोन दिवस, रोज दहा तास, तासाला 30 डाव. एका फेरीत 600 डाव. तुम्ही खरंच चांगले आहात, ताशी 5 बीबी काढता, म्हणजे एका फेरीची अपेक्षा 100 बीबी. आता हेलकावा: 6 चं वर्गमूळ गुणिले 90, म्हणजे 220 बीबी. अपेक्षेच्या दुपटीहून जास्त. इतकं चांगलं खेळूनही दर तीन फेऱ्यांत साधारण एकदा तुम्ही हरून परत याल.

चार फेऱ्या म्हणजे वर्षाला 2,400 डाव. ज्या 1 लाख डावांनंतरही पट्टी अधिक-उणे 5.6 राहते, तिथे पोहोचायला जवळपास 42 वर्षं लागतील. गोव्याच्या फेऱ्यांवरून आपला विनरेट कधीच कळणार नाही, हे आधी मान्य करून मग जायचं तर जा.

आता कर. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकण्यावर सपाट 30 टक्के आयकर लागतो, वर उपकर, मिळून 31.2 टक्के. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. एक फेरी हा एक हिशेब धरला, तर जिंकलेल्या फेऱ्यांवर पूर्ण कर आणि हरलेल्यांचा तोटा पूर्ण तुमचा. वरचे आकडे घालून बघितलं तर 100 बीबींच्या अपेक्षेतले 46 बीबी करात जातात आणि 54 उरतात. 100/200 च्या टेबलावर 20,000 ची अपेक्षा 10,800 वर आली. त्यातून दोन वेळचं तिकीट, राहणं, जेवण आणि चार दिवसांच्या सुट्टीची किंमत वजा करा. 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा जीएसटी 40 टक्के झाला आहे, तो पॅकेजमध्ये कसा धरलाय हे आधी विचारा. आपलं नेमकं प्रकरण सीएला दाखवा.

फिरायला म्हणून, ठरवलेले पैसे घेऊन जाणं वेगळं. त्यावर संसार चालवायचा विचार असेल तर हे आकडे घरात सगळ्यांसमोर ठेवा.

जिंकणारा असूनही माणूस किती काळ तोट्यात राहू शकतो?

खरा विनरेट 3 बीबी असलेला खेळाडू घ्या. 10,000 डावांनंतर तो तोट्यात असण्याची शक्यता 37 टक्के. 50,000 नंतर 23 टक्के. 1 लाख डावांनंतरही जवळपास 15 टक्के, म्हणजे अशा सात जणांतला एक.

त्याच्याकडे 20 बाय-इन (एक बाय-इन म्हणजे 100 बीबी) असतील आणि तो स्टेक खाली आणणार नसेल, तर कधी ना कधी सगळे पैसे संपण्याची शक्यता 23 टक्के. 50 बाय-इन असतील तर अडीच टक्के. पण खरा विनरेट 3 नसून 1.5 असेल, तर त्याच 50 बाय-इनवर हा धोका 16 टक्क्यांपर्यंत जातो. विनरेटचा अंदाज दुप्पट फुगला तर धोका सहापट झाला. म्हणून बँकरोल (खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे) ठरवताना मागे ओढलेला आकडाच वापरा.

टूर्नामेंटचं काय?

तिथे आरओआय (भरलेल्या प्रवेश फीवर किती टक्के नफा) बघतात आणि हेलकावा याहून कितीतरी मोठा असतो, कारण बक्षिसाचा मोठा वाटा पहिल्या तीन जागांना जातो. मोठ्या टूर्नामेंटच्या शंभर-दोनशे नोंदींवरून काढलेला आरओआय मी तरी कशाला वापरणार नाही.

परदेशी ॲपवर व्हीपीएन लावून खेळून डाव वाढवले तर?

नका करू. 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे व्यवहार हाताळणं गुन्हा ठरवलं आहे. असे ॲप पैसे अडवून बसले तर दाद कुठे मागणार? आणि समोर खरी माणसं आहेत की बॉट, हे कळायला मार्ग नाही. विनरेट काढण्यासाठी ती माहिती निरुपयोगीच.

हरलेले पैसे परत मिळवायचेत, कर्ज झालंय. विनरेट सुधारून फिटेल का?

नाही. इथे हिशेब करू नका, खेळ आजच थांबवा. वरचे सगळे आकडे ज्याचे पैसे संपले तरी घर अडत नाही अशा माणसासाठी आहेत. कर्ज डोक्यावर असलेला माणूस हेलकाव्याचा पहिला झटकाच सोसू शकत नाही, मग दीर्घकाळ कुठून येणार? घरातल्या एका माणसाला कर्जाचा पूर्ण आकडा सांगा, अर्धवट नको. झोप लागत नसेल, मनात नको ते विचार येत असतील, तर टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तुमच्याऐवजी तुमचा भाऊ किंवा मेहुणा यात अडकला असेल, तरी फोन तुम्ही करू शकता.

जुना डेटाबेस ठेवू की पुसून टाकू?

ठेवा. आधी प्रत्येक स्टेकचे डाव वेगळे करा. मग 100-100 डावांचे गट पाडून प्रत्येक गटाचं जिंकणं-हरणं बीबीत एक्सेलच्या एका रांगेत उतरवा. त्या रांगेची सरासरी म्हणजे तुमचा दिसणारा विनरेट, आणि तिचं प्रमाण विचलन मी धरलेल्या 90 च्या जागी वापरा. हरलेल्या रात्रींचे डाव मध्येच पुसले असतील, तर त्या महिन्याचे सगळेच डाव बाजूला काढा. प्रत्यक्ष टेबलाचा हिशेब असेल तर तारीख, तास, आणलेले पैसे आणि नेलेले पैसे, एवढे चार रकाने पुरतात, आणि नोंद त्याच रात्री करायची.